दवंडीचा भाग

दर जूनमध्ये आमच्या शाळेत सातवी-आठवीच्या वाचनतासाची पुस्तकं ठरवायला आम्ही शिक्षक बसतो. एका वर्षी तीन नावं निघाली. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’. पहिल्या दोन पुस्तकांवर चहा गार होईपर्यंत बोलणं झालं. अण्णा भाऊंचं वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं; आपल्या पोरांना ‘फकिरा’ द्यायची नाही तर कुणाला द्यायची, असं मी म्हणत होते. पण जोगिणीच्या जत्रेपायी फकिराचा बाप राणोजी मारला जातो, तोही शिर कापून, आणि हे सगळं पुस्तकाच्या आरंभीच येतं. बारा वर्षांच्या मुलाला ते सोसेल का, ही शंका खरी होती. ‘बनगरवाडी’त शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते. पोरांना जड जाईल, असं एका सरांचं मत पडलं. तरी शेवटी दोन्ही यादीत राहिली. ‘श्यामची आई’चं नाव आलं तेव्हा मात्र कुणी काही बोललंच नाही. संस्काराचं पुस्तक, घरोघरी असतं, आपण सगळे त्यावरच वाढलो. वहीत नाव लिहून आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो.

वर्षभरात घडलं ते याच्या अगदी उलट. राणोजीच्या मरणानं वर्ग हळहळला, पण कुणी घाबरलं नाही. फकिराचा घोडा गबऱ्या तर मधल्या सुट्टीत मैदानभर उधळत होता. गबऱ्या कुणी व्हायचं यावरून भांडणं लागायची. ‘बनगरवाडी’चंही तेच. आमच्या वर्गात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची मुलं पुष्कळ. माडगूळकर स्वतः आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. गाव सोडून निघणं म्हणजे काय, हे त्या मुलांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. “आमचा आज्जा बी असाच आला हिकडं, मेंढरं इकून,” असं एकानं सहज सांगितलं आणि पुढचं पान उलटलं.

मुलांना आतून हलवलं ते ‘श्यामची आई’नं. आणि तेही आम्हा मोठ्यांचे डोळे ज्या पानांवर भरून येतात त्या पानांवर नाही.

आमची शाळा कुपवाडची. हे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते एमआयडीसीमुळं. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली; पण आमच्याकडच्या घरांचा दिवस आजही कारखान्याच्या पाळीवरच ठरतो. वडील फौंड्रीत, नाही तर सूतगिरणीत, बहुतेक ठेकेदाराकडं. आई बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये निवडणीला, नाही तर हळदीच्या कामाला. पालकसभा कधीही ठेवा, निम्मे पालक कुठल्या ना कुठल्या पाळीला असतातच. घरात आजारपण निघालं, पोरीचं लग्न ठरलं, दुचाकी घ्यायची झाली, की बाई गटाचं कर्ज काढते. हा बचत गट नव्हे, फायनान्स कंपनीचा गट. तारण काही लागत नाही. गटातल्या बायका एकमेकींना जामीन असतात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, नाही तर तिच्या दारात जाऊन बसायचं. एका गटाचा हप्ता भागवायला दुसऱ्या गटाचं कर्ज, असं करत तीन-तीन गटांत अडकलेल्या आया मी पाहिल्यात. मी इथंच राहते. माझ्या गल्लीतही वसुलीची मोटरसायकल येते.

वाचनतासाला आम्ही पुस्तक मोठ्यानं वाचतो. एक मूल वाचतं, बाकीची ऐकतात, अडेल तिथं मी सांगते. ‘श्यामची आई’चा पूर्वार्ध सुरेख गेला. पाय मळू नयेत म्हणून श्याम आईला ओलं लुगडं धोंड्यांवर पसरायला लावतो, तो प्रसंग ऐकताना मुली हसत होत्या. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला शिंपटीनं मारत विहिरीवर पाठवते, तेव्हा वर्गात वाद रंगला. आईनं मारलं ते बरोबर का चूक? मुलं म्हणाली बरोबर, मुली म्हणाल्या चूक, आणि तास संपला तरी कुणी माघार घेईना. धाकटा यशवंत जातो त्या दिवशी वर्ग शांत झाला. एकीनं डोळे पुसले, शेजारणीनं तिला पाण्याची बाटली दिली. मरण मुलांनी पाहिलेलं असतं. त्याच्याजवळ कसं बसायचं, हे त्यांना थोडंफार कळतं.

मग कर्जाचे भाग सुरू झाले. ज्यांनी हे पुस्तक लहानपणी वाचलं आणि पुन्हा हातात घेतलं नाही, त्यांना हा उत्तरार्ध बहुधा आठवत नाही. श्याम म्हणजे स्वतः साने गुरुजीच, आणि सान्यांचं घराणं पालगडच्या खोतांचं. वैभव ओसरलं, वाटण्या झाल्या, कर्ज वाढत गेलं. सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो. वडिलांना घालूनपाडून बोलतो, आईबद्दल नको ते बोलतो. पुढं एक दिवस घरापुढं ढोल वाजतो, लिलावाची दवंडी पिटली जाते. श्यामचा धाकटा भाऊ पुरुषोत्तम शाळेत असतो. तिथली पोरं त्या ढोलाचा आवाज काढून त्याला चिडवतात.

हा भाग वाचायला मी नेहमीच्या मुलाला उभं केलं होतं. सातवीतला, आवाज खणखणीत, वाचायची हौस इतकी की पाळी नसतानाही हात वर. दवंडीपर्यंत तो नीट आला. पुरुषोत्तमच्या वाक्याशी थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबला. “घसा बसलाय, मॅडम,” म्हणाला आणि खाली बसला. मागच्या बाकावरच्या एकानं बाकावर बोटांनी ताल धरला, ढुम ढुम, आणि दोघं-तिघं हसली. ती काही वाईट मुलं नव्हेत. त्या मुलाच्या घरचं त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्यानं मान वळवून मागं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की पुस्तकातली शाळा आणि आमचा वर्ग त्या घटकेला त्याच्यासाठी एकच झालेत. मी पुस्तक माझ्या हातात घेतलं आणि उरलेलं पान मीच वाचलं.

पुढच्या वाचनतासाला तो आलाच नाही. शाळेत होता, पण ग्राउंडवर थांबला. कपाट आवरताना त्याच्या नावावर दिलेली प्रत मला सापडली. वर्तमानपत्रात गुंडाळून, सगळ्यात खालच्या कप्प्यात, नकाशांच्या मागं ठेवलेली. पान फाडलेलं नव्हतं, रेघोट्याही नव्हत्या. पुस्तक कुणाला दिसू नये, एवढंच त्याला हवं होतं.

दोन-चार दिवसांनी त्याची आई आली. दुसऱ्या पाळीला निघालेली, डबा हातात, हातांना बेदाण्याचा चिकट वास. खुर्चीवर बसायलाच तयार नव्हती. “मॅडम, ते पुस्तक घरला देऊ नका,” म्हणाली. “रात्री उठून बसतंय पोरगं. आपल्या दारात बी ढोल वाजवत्याल का म्हणून इचारतंय.” मग तिनं सांगितलं. नवऱ्याच्या ऑपरेशनला पैसे काढले होते. पहिला हप्ता थकला तेव्हा गटाच्या बायका संध्याकाळी येऊन उंबऱ्यात बसल्या, त्यातल्या दोघी तिच्याच गल्लीतल्या, एकीचा मुलगा तिच्या मुलाच्या वर्गात. वसुलीचा माणूस मोटरसायकलवर बसूनच मोठ्यानं बोलत होता. “पोरगं आत अभ्यास करत हुतं. त्यानं दाराला कडी लावली.”

मी तिला विचारलं, पुस्तकात काय आहे ते वाचून दाखवू का? शाळा तिची चौथीतच सुटलेली. ती घड्याळाकडं बघत हो म्हणाली. दवंडीचा भाग मी वाचला नाही. त्याच्या आधीचा वाचला, जिथं वसुलीचा माणूस मर्यादा सोडून बोलतो आणि श्यामची आई, एरवी कधी आवाज न चढवणारी, त्याला तिथल्या तिथं झाडते. ती उभी राहूनच ऐकत होती. संपल्यावर थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “बरं सुनावलं तिनं.” आणि जाता जाता दारातून, “पोराला हे ठावं हाय का?”

त्याला ठाऊक नव्हतं. वर्गात तो भाग दुसऱ्या मुलीनं वाचला होता, घाईघाईत, तास संपत आलेला असताना.

शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा दोन मतं पडली. एक सर म्हणाले, रडू दे की पोरांना, रडण्यासाठीच तर ते पुस्तक आहे. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, कर्जाचे भाग वगळून टाका, बाकी पुस्तक गोडच आहे. मला दोन्ही पटत नाही. ज्याला स्वतःचं घर आठवतं, तो मुलगा रडत नाही, पुस्तक लपवतो. आणि ते भाग काढले तर ‘श्यामची आई’ उरतेच कुठं? ती आई नुसती फुलं आणि देवपूजा शिकवणारी नाही. ती कर्जात रोज थोडी थोडी संपत जाणारी बाई आहे, आणि साने गुरुजींनी तिला तशीच लिहिली आहे. तिला गोड केली ती आपण. लुगड्याचा प्रसंग, पोहण्याचा प्रसंग, हे आपण पुन्हा पुन्हा सांगतो. १९५३ साली अत्र्यांनी चित्रपट काढला, त्याला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि वनमालाबाईंची मूर्ती लोकांच्या डोळ्यांपुढं कायमची उभी राहिली. हे सगळं चांगलंच झालं. पण पुस्तकाची शिफारस करणारा माणूस बहुतेक वेळा या आठवणीतल्या आईची शिफारस करत असतो, आणि मुलाच्या हातात पडतं ते अख्खं पुस्तक.

पुढच्या सुट्टीत मी ते पुस्तक पुन्हा शांतपणे वाचलं, या खेपेला लेखकाचा काळ समोर ठेवून. गुरुजींचा जन्म डिसेंबर १८९९चा. आई गेली १९१७ साली, म्हणजे ते अठराही पूर्ण नव्हते. शिक्षणासाठी त्यांना घर सोडून आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधात येऊन राहावं लागलं होतं. ‘बनगरवाडी’ही त्याच औंध संस्थानातली, हा योगायोग मुलांना फार आवडतो. हे सगळं त्यांनी कागदावर उतरवलं ते नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३, अवघ्या पाच दिवसांत. लिहून झालं पाच दिवसांत, पण त्या पाच दिवसांपर्यंत पोचायला आई गेल्यावर पंधरा वर्षं जावी लागली. दारात वाजलेल्या ढोलाबद्दल चार लोकांत बोलायला खुद्द श्यामला मोठं व्हावं लागलं. आणि आम्ही बारा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर उभं करून ते मोठ्यानं वाचायला सांगत होतो.

वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी पुस्तकात पहिल्यापासून उघड आहे. हे पुस्तक ४२ रात्रींचं आहे. आश्रमातले सोबती प्रार्थनेनंतर जमतात, श्याम एक आठवण सांगतो आणि थांबतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, कुणी काही विचारतं, मग सगळे झोपायला जातात. दुसऱ्या दिवशी कामं असतात. रात्री पुन्हा जमतात. म्हणजे एवढं जड सांगायचं कसं, हे गुरुजींनी पुस्तकाच्या बांधणीतच ठेवलंय. एका वेळी एकच, ओळखीच्या माणसांत, आणि सांगणारा मोठा माणूस ऐकणाऱ्यांच्या जवळ बसलेला. आपण काय करतो? आठ दिवसांत पुस्तक संपवा, त्यावर प्रश्नमंजूषा, पहिल्या तिघांना बक्षीस. सावकाराच्या माणसानं केलेला अपमान दोन गुणांचा प्रश्न होतो. मला याचा मनापासून राग येतो.

दवंडी ही जुनी गोष्ट आहे, आता तसं काही होत नाही, असं मुलांना सांगून मोकळं व्हावं असं एकदा मनात आलं. पण ते खरं नाही. थकलेल्या घरपट्टीच्या वसुलीसाठी दारात बँड वाजवण्याचा प्रकार पुण्यासारख्या मोठ्या शहरात महापालिकेनं केलाय. २००२च्या सिक्युरिटायझेशन कायद्याखाली बँक घराचा ताबा घेते तेव्हा नोटीस दारावर चिकटवावी लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मुलं वर्तमानपत्र वाचतात. वाचा असं आम्हीच सांगतो. त्यात खालच्या कोपऱ्यात गावातल्या माणसाचं नाव, पत्ता, थकबाकीचा आकडा असतो.

म्हणून मी त्यांना जे खरं आहे ते सांगायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण कर्ज दिलं तर ते या नियमांत येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, असं कर्ज देतानाच बघायचं असतं. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला गाठायचं नाही, धमकवायचं नाही, शिवीगाळ करायची नाही, घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. तारण नसलेल्या या कर्जापायी कोर्टाच्या हुकुमाशिवाय कुणी येऊन दारात घराचा लिलाव पुकारू शकत नाही. हे मी फळ्यावर लिहिलं. कुणाचं नाव घेतलं नाही, कुणाच्या घरी काय आहे हेही विचारलं नाही. नागरिकशास्त्राचा तास होता, त्यात ते बसलं.

वर्ग इतका लक्ष देऊन ऐकतो हे मी क्वचित पाहिलंय. सहाची वेळ मी फळ्यावर लिहिली तेव्हा एक मुलगी चटकन म्हणाली, “आमच्यात साडेसातला येतो.” दुसरी म्हणाली, “आमच्यात पण.” मग एकदम चार-पाच जणांनी तोंड उघडलं. ज्यानं बाकावर ताल धरला होता, त्याच्याही घरी वसुलीवाला येत होता. त्यानं ते मान खाली घालून सांगितलं. पुस्तक लपवणारा तो मुलगा काही बोलला नाही, पण वहीत सगळं उतरवून घेत होता, वेळेखाली दोन रेघा ओढून.

तास सुटल्यावर तो टेबलाशी आला. त्याचा प्रश्न पुस्तकाबद्दल होता. “मॅडम, पुरुषोत्तमला चिडवणाऱ्या पोरांचं पुढं काय झालं?” मी म्हटलं, गोष्ट पुढं आईबरोबर जाते, त्या पोरांबद्दल काही येत नाही. त्याला हे पटलं नाही. “म्हणजे त्यांना कुणीच काय बोललं नाही?” मी त्याला सांगितलं, श्याम मोठा झाला तेव्हा त्यानं ते लिहून ठेवलं, आणि आज ते वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या पोरांची लाज वाटते. तो थोडा वेळ उभा राहिला. मग विचारलं, “त्याच्या आधीचा भाग कुठला? आई म्हणत्या, त्यात ती त्याला बोलती.” मी पान काढून दिलं. त्यानं ते तिथंच, टेबलाला टेकून, मनात वाचलं.

तेव्हापासून ‘श्यामची आई’ आमच्याकडं दर वर्षी होते आणि मी ती कधीही यादीतून काढू देणार नाही. प्रश्नमंजूषा बंद केली. पूर्वार्ध मुलं वाचतात, हसतात, भांडतात. यशवंतचा भाग कोण वाचणार ते मुलं आपसात ठरवतात. कर्जाचे आणि आईच्या शेवटच्या आजाराचे भाग मी स्वतः वाचते, एका दिवशी एकच, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवते की उद्या अवघड भाग आहे, ज्याला बाहेर बसायचंय त्यानं ग्रंथालयात दुसरं पुस्तक घेऊन बसावं, कुणी कारण विचारणार नाही. बाहेर बसणारी एक-दोन असतात. पुढं त्यातली काही स्वतःहून येऊन तो भाग मागतात, काही मागत नाहीत. ज्यांची आई नाही अशी मुलं वर्गात असतील तर शेवटच्या चार रात्रींच्या आधी मी त्यांच्या घरी जाऊन आजीशी, मावशीशी बोलून येते. वसुलीवाल्याला आई झाडते तो भाग मात्र मी घाईत उरकू देत नाही. त्यासाठी अख्खा तास ठेवते, आणि त्या दिवशी फळ्यावर नऊ ते सहा हेही लिहिते.

अवघड भाग शनिवारी घ्यायचे नाहीत, हेही आता ठरून गेलंय. शनिवारी शाळा सकाळची, लवकर सुटते, आणि पुढं रविवारचा अख्खा दिवस मूल ते डोक्यात घेऊन एकटं असतं. सोमवार ते गुरुवार बरे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला मुलं समोर उभी असतात, आणि रात्री कोण झोपलं नाही ते दिसतं.